पाठीमागचा हत्ती

झॅब्लन ओगवेनो मास्तरांच्या तोंडून ते वाक्य निसटलं तेव्हा त्यांच्या तोंडात मासा होता. तोंडात मासा असताना माणसाने सासूला वचन देऊ नये, एवढं शहाणपण भूगोलाच्या मास्तराला असायला हवं होतं.

रविवारची दुपार. किसुमूतल्या सासुरवाडीच्या अंगणात मास्तर आंब्याखाली एकटे जेवत होते आणि आत, खिडकीपलीकडे, सासूबाई आणि मास्तरांची बायको रिस्पर. सासू-जावयाने एका खोलीत जेवायचं नाही, एका छपराखाली झोपायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही, ही लुओ माणसांची जुनी रीत. हल्ली शहरात इतकं कडक कोणी पाळत नाही. जावई सासूबाईंशी खुशाल हस्तांदोलन करतात आणि आकाश काही कोसळत नाही. पण मास्तरांचं प्रकरण वेगळं होतं. लग्नाची बोलणी करायला गेलेले असताना, कॉलेजातून ताजे बाहेर पडलेले आणि सुधारणेचं वारं अंगात भरलेले झॅब्लन ओगवेनो पुढे झाले आणि त्यांनी भर बैठकीत भावी सासूबाईंना मिठी मारली. दोन म्हातारे खुर्चीवरून पडले म्हणतात. लग्न मोडलं नाही, मुलं झाली, ती कॉलेजात गेली. पण त्या दिवसापासून सासूबाईंनी जावयाशी थेट एक शब्द उच्चारलेला नाही. जावई तीन हातांवर बसलेला असला तरी निरोप रिस्परमार्फत.

शाळेत उपमुख्याध्यापक म्हणून मास्तरांना केवढा मान. बाजारात लोक "म्वालिमू, म्वालिमू" म्हणजे गुरुजी, गुरुजी, करत वाट सोडत. पण सासूबाईंच्या तोंडून एक थेट शब्द, अगदी "उठा इथून" असला तरी चालेल, ऐकायला त्यांचा जीव तळमळत असे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. उपमुख्याध्यापकाने असल्या गोष्टींसाठी तळमळायचं नसतं.

"रिस्पर," खिडकीतून आवाज आला, "विचार त्यांना, ते सारखे मसाई माराच्या रानात जाऊन येतात, तिथे हत्ती खरंच असतो का? का नुसता वीस शिलिंगच्या नाण्यावरच असतो? जन्मभर बाजारात सुकी ओमेना मासळी विकली मी. माझ्या हातातून हत्तींचे कळपच्या कळप गेले, पण चार पायांवर चालणारा एक बघितला नाही. सरकार आमच्या पैशानं सांभाळतं म्हणे. असेल तर दाखवा म्हणावं."

"सांग त्यांना," मास्तर माशासकट ओरडले, "ऑगस्टच्या सुट्टीत दाखवतो! मी स्वतः दाखवतो!"

 शेजारच्या दोन अंगणांतली भांडी घासायची थांबली. बाकी कुठे दिलेला शब्द माणूस विसरू शकतो, सासुरवाडीत दिलेला शब्द शेजारी विसरू देत नाहीत. संध्याकाळपर्यंत मास्तरांनी सासूबाईंना हत्ती विकत घेऊन दिल्याची बातमी बाजारापर्यंत गेली होती.

मास्तर तसे घाबरले नव्हते. मारा म्हणजे आपलं घरचं अंगण, अशी त्यांची समजूत होती. पहिल्यांदा ते विद्यार्थी असताना शाळेच्या लॉरीतून गेले होते. तेव्हा लांबवर एक पिवळा दगड दिसला, सर म्हणाले सिंह आहे, आणि सगळ्या वर्गाने त्या दगडावर निबंध लिहिला. दुसऱ्यांदा लग्नानंतर, रिस्परला घेऊन, एका गोऱ्या साहेबाच्या तंबूंच्या कॅम्पवर. तिथल्या वाढप्याने मास्तरांचा सूट बघितला, कातडं बघितलं आणि अदबीने म्हणाला, "ड्रायव्हर लोकांचं जेवण मागच्या बाजूला आहे." रिस्पर रडली. मास्तरांनी मागच्या बाजूला बसून उकडलेला घेवडा खाल्ला, आणि खरं सांगायचं तर घेवडा उत्तम होता, त्यामुळे अपमान जास्तच झोंबला. तिसऱ्यांदा मुलांना घेऊन गेले तेव्हा एका चित्त्याभोवती इतक्या गाड्या जमल्या की मुलांना चित्ता सोडून सगळ्या व्हॅनचे नंबर पाठ झाले. तरी प्रत्येक वेळी हत्ती दिसला होता. म्हणून मास्तर निर्धास्त होते.

पण शेजारी असताना माणूस निर्धास्त किती दिवस राहणार? पोस्टातून निवृत्त झालेले म्झे ओबिएरो, म्हणजे ओबिएरो आजोबा, काठी टेकत आले आणि ओसरीवर बसले.

"म्वालिमू, तुम्ही तिला एकाच गाडीतून नेणार?"

"मग काय विमानातून नेऊ?"

"तसं नाही. रस्त्यात खड्डे असतात. गाडी उसळली, त्या तुमच्या अंगावर आल्या, तर? नजरानजर झाली तर कोंबडी कापावी लागते. धक्का लागला तर बकरा. आणि दोघं एका तंबूत सापडलात तर..."

"म्झे, पुरे!"

"मी सांगायचं काम केलं. पुढे तुमचं तुम्ही बघा," म्झे म्हणाले आणि चहा मागितला. हे दरपत्रक त्यांनी कुठून पैदा केलं देव जाणे, पण ते मास्तरांच्या डोक्यात बसलं. पास्टरसाहेबांनी तर सांगितलं होतं की ही सगळी जुनी खुळं आहेत. मात्र पास्टरसाहेब स्वतः सासुरवाडीला गेले की चर्चच्या पायरीवरून हलत नाहीत, हेही सगळ्या किसुमूला माहीत होतं.

तेव्हा मास्तरांनी उपाय केला. त्यांच्या जुन्या टोयोटात पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे फुलाफुलांची चादर दोरीवर टांगली. मागे सासूबाई आणि रिस्पर, पुढे मास्तर. फक्त चादर हलली की वरच्या आरशात सासूबाईंचे डोळे दिसत, म्हणून मास्तरांनी आरशाला मोजा घातला.

किसीच्या पुढे पोलिसाने गाडी अडवली. "आरशाला मोजा का?"

"मागे सासूबाई आहेत."

पोलिसाने चादरीकडे बघितलं. त्याचा चेहरा गंभीर झाला. त्याने टोपी सरळ केली. "जा, म्वालिमू. सावकाश जा. माझ्या सासूबाई काकामेगाला असतात, म्हणून मी बदली इथे मागून घेतली."

असा समजूतदार माणूस पुढच्या नाक्यावर मात्र नव्हता. पूर्वी माराच्या फाटकावर एक म्हातारा दोर सोडायचा आणि आत जा म्हणायचा. आता इथल्या मसाई जमीनमालकांनी एकत्र येऊन स्वतःचं राखीव रान केलं होतं, फाटकावर खिडकी होती, खिडकीत कारकून होता, आणि पैसे फक्त फोनवरून घ्यायचे होते. फोनला रेंज कुठे होती? कारकुनाने बोटाने दाखवलं. लांब एक वारूळ होतं, त्याच्यावर दोन पाहुणे आधीच चढलेले होते. मास्तर रांगेत उभे राहिले, वारुळावर चढले, पैसे पाठवले, मुंग्या चावून घेतल्या आणि परत आले.

"तिसऱ्या व्यक्तीचं नाव?" कारकून म्हणाला.

मास्तर डोकं खाजवू लागले. रिस्परची आई हे नाव होत नाही. इतक्या वर्षांत सासूबाईंचं स्वतःचं नाव घ्यायची वेळच आली नव्हती, आणि बोलणीच्या वेळी ऐकलं होतं ते मिठीच्या गोंधळात विसरायला झालं होतं.

"बाईंना पडद्याआड बसवून आणलंय, आरसा झाकलाय, आणि तुम्हाला त्यांचं नाव माहीत नाही?" कारकून खुर्चीवरून उठला.

"रिस्पर," मागून आवाज आला, "सांग त्या पोराला. दोर्सिला. आणि ज्याला ते माहीत असायला हवं होतं त्यालाही ऐकव." मास्तरांचे कान तापले.

कॅम्प जुनाच होता, जागा तीच, नदीचं वळण तेच. पण गोरा साहेब कधीच गेला होता आणि आता सगळा कारभार सिमालोई नावाच्या मसाई बाई बघत होत्या. मास्तर तोऱ्यात म्हणाले, "मी इथे पूर्वी येऊन गेलोय. तेव्हा तंबू लांब लांब होते आणि प्रत्येकाला वेगळं टेबल होतं."

"ते जुनं झालं, म्वालिमू," सिमालोई हसल्या. "आता पाहुण्यांना कुटुंबासारखं राहायला आवडतं. सगळे एका लांब टेबलावर जेवतात. आणि तुमच्यासाठी आमचा कुटुंबाचा तंबू. दोन खोल्या, मधे बैठक, न्हाणीघर एकच."

एकच! मास्तर मटकन खोक्यावर बसले. डोळ्यांपुढे म्झे ओबिएरो काठीने बकरे मोजताना दिसले. ते म्हणाले, मी गाडीत झोपतो. सिमालोई म्हणाल्या, कॅम्पला कुंपण नाही, जनावरं रात्री मधून फिरतात, गाडीत झोपायला परवानगी नाही. मग झाडाखाली? झाडाखाली तर त्याहून नाही. शेवटी सगळा मान गिळून त्यांनी कारण सांगितलं, आणि आता हसू ऐकायच्या तयारीने मान खाली घातली.

सिमालोई हसल्या नाहीत. उलट त्यांनी कपाळावर हात मारला. "आधी सांगायचं नाही का? माझ्या नवऱ्याने अजून माझ्या आईचं घर आतून बघितलेलं नाही. चला, आमची काही तरी सोय असतेच." आणि त्यांनी मास्तरांना कुठे नेलं? मागच्या बाजूला, ड्रायव्हर लोकांच्या खोल्यांत. ज्या जागी एकदा अपमान म्हणून पाठवलं होतं तिथे मास्तर आता आभार मानत गेले. घेवडा अजून तसाच होता.

लांब टेबलाचा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला. ते आपली थाळी घेऊन एका बाभळीमागे उभे राहून जेवत. टेबलावर एक परदेशी आजी होत्या. ह्या गृहस्थाला काही तरी शिक्षा झाली असावी अशी त्यांची खात्री झाली आणि त्या प्रत्येक जेवणानंतर गुपचूप येऊन त्याच्या हातात चॉकलेट ठेवू लागल्या. सासूबाईंनी भोपळ्याचं सूप चाखून "हे भोपळा धुतलेलं पाणी आहे" असा निकाल दिला आणि पिशवीतली ओमेना काढायला तंबूत गेल्या. ओमेना एका माकडाने आधीच नेली होती. ते तंबूच्या माथ्यावर बसून एकेक मासा सोलून खात होतं.

"रिस्पर, विचार त्यांना, हा का त्यांचा हत्ती?"

हत्ती बघायला कॅम्पची उघडी गाडी होती. पारमुआत हा शांत मसाई वाटाड्या ती चालवत असे. गाडीला ना बाजूच्या काचा, ना चादर टांगायला दोरी. मागे चढत्या पायऱ्यांवर बाकं, तिथे सासूबाई आणि रिस्पर. पुढे पारमुआतच्या शेजारी मास्तर, मान सरळ. मान वळवली की मागे सासूबाई. मग वळवायची कशी? पहिल्याच फेरीत डावीकडे मागच्या झाडावर बिबट्या बसलेला होता, शेपूट लोंबकळत. रिस्परने श्वास रोखला. मास्तरांनी समोरच्या काचेला उद्देशून बिबट्याचं वजन, आहार आणि भौगोलिक विस्तार यावर व्याख्यान दिलं.

"रिस्पर, विचार त्यांना, बिबट्या काचेत दिसतो का?"

दुसऱ्या फेरीत मास्तरांचा धीर सुटला. "पारमुआत, रेडिओवर विचारा ना कुठे आहेत हत्ती! पूर्वी एकाने ओरडून सांगितलं की पन्नास गाड्या धावायच्या, चहाच्या वेळेआधी दहा हत्ती बघून व्हायचे."

"म्हणून तर हत्ती गाडीचा आवाज ऐकला की पळायला लागले होते, म्वालिमू," पारमुआत म्हणाला. "आता आम्ही ओरडत नाही. एका जनावराजवळ पाचच गाड्या, रस्ता सोडायचा नाही, जास्त वेळ थांबायचं नाही. आधी हे रान गुरांनी खाऊन टाकलं होतं, आता बघा गवत."

गवत खरंच कमरेएवढं होतं. मास्तरांनी कबूल केलं असतं की मारा इतका हिरवागार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, हरणं होती, जिराफ होते, नवी पिल्लं होती. पण सासूबाईंना हरीण दाखवायचं वचन कोणी दिलं होतं? मागून निरोप आला की गवत आपल्याकडेही असतं, त्याच्यासाठी वारुळावर चढावं लागत नाही.

त्या संध्याकाळी रिस्पर बाभळीमागे आली. "काय चाललंय तुमचं? जेवत का नाही?"

"उद्या दुपारी निघायचंय, रिस्पर. हत्ती दिसला नाही तर ती बाई मरेपर्यंत माझ्याशी बोलणार नाही."

"दिसला तरी कुठे बोलणार आहे?" रिस्पर म्हणाली आणि मग तिने नवऱ्याचा चेहरा बघितला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हे दुखणं तिला आज कळलं. तिने त्याच्या थाळीतला घेवडा चमच्याने त्याच्या तोंडापुढे धरला. मास्तरांनी निमूटपणे खाल्ला.

शेवटच्या सकाळी पारमुआत हत्ती शोधत फिरला नाही. नदीच्या कोरड्या वळणाशी त्याने गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. "काय झालं? बिघडली?" मास्तरांनी विचारलं. पारमुआतने ओठांवर बोट ठेवलं. आणि बसून राहिला.

इतकी शांतता मास्तरांनी माराला कधी ऐकली नव्हती. पूर्वी इथे इंजिनं असत, रेडिओ असत, व्हॅनमधून बाहेर काढलेल्या डोक्यांचे "इकडे, इकडे!" असत. आता फक्त गवत हलत होतं. उन्हं वर आली. मास्तरांना घाम फुटला. हा माणूस झोपला की काय? वेळ निघून चालला होता, आणि मागे सासूबाई काही बोलत नव्हत्या, टोमणासुद्धा नाही, म्हणजे त्यांनी आशाच सोडली असणार.

तेवढ्यात खोल गुरगुर ऐकू आली. घेवड्याने घात केला, असं वाटून मास्तरांनी शरमेने पोटावर हात दाबला. पण गुरगुर पुन्हा आली, आणि पोटातून नाही, पाठीमागून.

"कोणी हलू नका," पारमुआत कुजबुजला. "म्वालिमू, वळू नका. अजिबात."

मास्तर वळणार नव्हतेच. मागे फांद्या मोडल्या. वाळूवर जड, पण आश्चर्य वाटेल इतकी मऊ पावलं आली. एक नाही, अनेक. त्यांच्या मानेवर गरम वास आला, ओल्या गवताचा. बाजूच्या आरशात काही तरी राखाडी सरकलं, पण त्याच आरशात एक फुलांचा रुमालही दिसला, सासूबाईंचा, म्हणून मास्तरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. हत्ती आला होता. वचन पुरं झालं होतं. आणि ते दाखवणारे मास्तर देशातले एकमेव आंधळे प्रेक्षक होऊन बसले होते.

"अहो," मागून हलका आवाज आला.

मास्तर हलले नाहीत.

"अहो, जावईबापू. ऐकताय ना?"

रिस्परने सवयीने तोंड उघडलं. "आई विचारतेय..."

"तू गप्प बस गं. मी त्यांच्याशी बोलतेय."

 मास्तरांनी मान पुढेच ठेवून हलवली.

"तुम्ही वळू नका, मी सांगते," सासूबाई म्हणाल्या, आणि बाजारात मासळीचं वर्णन करणारा तो आवाज आता इतका हळू झाला होता की जुन्या दिवसांतल्या एका व्हॅनने तो पुसून टाकला असता. "खूप आहेत हो. मोठी म्हातारी सगळ्यांत पुढे आहे. आपल्या गाडीच्या मागच्या चाकाशी उभी आहे. कातडी सुरकुतलेली आहे, माझ्या गुडघ्यांसारखी. डावा दात मोडलाय तिचा. डोळा लहान आहे. एवढा देह आणि डोळा एवढासा, पण पापण्या बघा... म्हणजे बघू नका. लांब पापण्या आहेत. ती माझ्याकडे बघतेय. मी पण तिच्याकडे बघतेय."

"पिल्लू आहे?" मास्तरांनी विचारलं. सासूबाईंना त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"आहे तर! दोन आहेत. एक आईच्या पोटाखाली लपलंय. दुसऱ्याला सोंड कशासाठी आहे ते कळलेलं नाही, तो तीच पायाखाली घेतो आणि अडखळतो. आता पडला. उठला. म्हातारीनं त्याला सोंडेनं ढकललं, आमच्या आजीनं आम्हाला ढकलावं तसं. आता वाळू उडवतायत अंगावर. तुमच्या टोपीवर पण पडली असेल बघा."

पडली होती. मास्तरांनी ती झटकली नाही. मिटल्या डोळ्यांनी त्यांना म्हातारी दिसत होती, मोडका दात दिसत होता, अडखळणारं पिल्लू दिसत होतं. भूगोलाच्या मास्तराने आजवर तीन वेळा हत्ती पाहिला होता, पण इतका लक्ख कधी पाहिला नव्हता. गालावरून पाणी वाहिलं तेही त्यांनी पुसलं नाही.

कळप जसा आला तसा, मागच्या मागेच, झाडीत शिरला. फांद्यांचे आवाज लांब गेले. पारमुआतने सुस्कारा सोडला आणि किल्लीला हात घातला.

"म्वालिमू, तुम्हाला काही दिसलं नाही. वळसा घालून समोर जाऊ? पुढून दिसतील."

"नको," मास्तर म्हणाले. "घ्या कॅम्पवर. त्यांनी सगळं सांगितलंय मला."

"सगळं कुठे सांगितलं?" मागून आवाज आला. "शेपटीचं राहिलंच की. ऐका."

आणि मास्तर समोरच्या रिकाम्या गवताकडे बघत ऐकू लागले.